नाच बसवणाऱ्याचं नाव

२०१६ च्या डिसेंबरात टोकियोतल्या अमेरिकी दूतावासाने नाचाची एक चित्रफीत प्रसिद्ध केली. राजदूत कॅरोलाइन केनेडी सांताक्लॉजच्या लाल वेशात आणि त्यांचे सहकारी नाताळच्या टोप्या घालून, सगळे मिळून एक अवघड नाच नाचताहेत. गाणं होतं गेन होशिनो यांचं ‘कोइ’, म्हणजे प्रेम. टीबीएस वाहिनीवरच्या एका मालिकेच्या शेवटी दर आठवड्याला त्या मालिकेतले कलाकार हाच नाच करायचे. त्या हिवाळ्यात जपानमध्ये शाळा, कचेऱ्या, लग्नं, जिथे म्हणून चार माणसं जमली तिथे हा ‘कोइ डान्स’ झाला. बोटांची आणि मनगटांची त्यातली कसरत अशी की पहिल्यांदा करणाऱ्याचे हात हमखास एकमेकांत अडकतात.

त्या वेळी गाण्याच्या कंपनीने एक सवलत दिली होती. लोकांनी नाचाच्या फिती खुशाल टाकाव्यात, मात्र गाणं दीड मिनिटाच्या आत असावं, विकत घेतलेलं असावं, आणि हे फक्त ठरावीक मुदतीपुरतं. मालिका संपली. २०१७ चा उन्हाळा सरता सरता कंपनीने कळवलं की आता फिती उतरवा, नाहीतर आम्ही उतरवायला लावू. लोक हळहळले, पण यात बेकायदा काही नव्हतं. गाणं कंपनीचं होतं.

पण लाखो लोकांनी गुणगुणण्याच्या आधी पाय हलवले होते. त्या पायांचं काय? संपूर्ण व्यवहारात सूर कुणाचा, शब्द कुणाचे, ध्वनिमुद्रण कुणाचं, हे सेकंदाच्या हिशेबाने ठरलेलं होतं. हात-पाय कुणाचे, हा प्रश्न त्या सूचनांमध्ये कुठेच नव्हता. तो नाच बसवला होता मिकिको नावाच्या बाईंनी. माझा या लेखातला मुद्दा एवढाच आहे की नाच बसवणाऱ्याचं नाव नाचाबरोबर फिरलं पाहिजे, आणि ते फिरवणं ही कुणाची मेहेरबानी असता कामा नये. हे सांगायला मिकिको आणि त्यांच्या ‘इलेव्हनप्ले’ या नृत्यसंघाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. त्यांच्या वाटचालीत या प्रश्नाच्या सगळ्या बाजू सापडतात. राजीखुशीने दिलेला नाच त्यात आहे, आणि काढून घेतलेला सोहळाही आहे.

मिकिको हिरोशिमाकडच्या. तिथल्या ‘अ‍ॅक्टर्स स्कूल हिरोशिमा’ या संस्थेत त्या मुलांना नाच शिकवायच्या. त्या वर्गातल्या तीन मुलींनी २००० साली ‘परफ्यूम’ नावाचा गट काढला. २००७ च्या ‘पॉलिरिदम’ या गाण्याने त्या मुली घराघरांत पोचल्या. पंचवीस वर्षांनी, २०२५ अखेर विश्रांती घ्यायचं जाहीर करेपर्यंत त्यांची बाईंशी असलेली सोबत सुटली नाही. परफ्यूमचा नाच पाहिला नसेल तर त्याचं वर्णन करणं कठीण आहे. उड्या नाहीत, गिरक्यांचा भडिमार नाही. उंच टाचांवर उभ्या तीन बाया, मान किंचित कलती, एका हाताची घडी, आणि तीन शरीरांमधलं अंतर प्रत्येक ठेक्याला असं बदलत जातं की नजर हलत नाही. ‘हेवी मेटल’ या दणदणीत रॉक संगीतावर धडकणाऱ्या ‘बेबीमेटल’ या गटाचे नाचही याच बाईंचे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की कळतं, बसवणाऱ्याला शैली असते, जशी लेखकाला असते.

२००९ मध्ये मिकिको यांनी स्वतःचा संघ काढला, तो इलेव्हनप्ले. सगळ्या नर्तकी स्त्रिया. हा निर्णय मला कलेइतकाच व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच्या गाण्याला नाच बसवणारा माणूस कायम पाहुणा असतो. गायकाचा कार्यक्रम, दिग्दर्शकाची मालिका, कंपनीची जाहिरात. त्याचं काम झालं की त्याने निघायचं. स्वतःचा संघ असला की त्याला घर मिळतं. तिथे गाणं नंतर येतं, किंवा येतच नाही.

या घरात शेजार होता ‘रायझोमॅटिक्स’चा. दाइतो मानाबे आणि त्यांचे सहकारी यांची ही तंत्रज्ञांची मंडळी, २००६ पासूनची. दोघांनी मिळून जे केलं ते मोजायला बसलं तर यादी होईल, आणि यादी वाचायला कुणाला आवडते! त्यातलं एक मात्र सांगतो. २०१५ च्या ‘बॉर्डर’ या प्रयोगात प्रेक्षक खुर्चीत बसायचे, पण खुर्ची चाकांची आणि विजेवर चालणारी. डोळ्यांवर आभासी दुनियेचा चष्मा. खुर्ची प्रेक्षकाला घेऊन नर्तकींच्या मधून फिरायची. समोर दिसणारी बाई खरी की चष्म्यातली हे कळेनासं झालं की कुणीतरी खरोखरच स्पर्श करायचं. ड्रोन रंगमंचावर आणून त्यांच्याबरोबर नाचायचं काम या बायकांनी २०१४ च्या सुमारासच केलं होतं. २०१६ मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’च्या मंचावरही त्या गेल्या. अशा स्पर्धांत तंत्राची टाळी पहिली मिळते आणि नाचाची नंतर, हे तिथेही दिसलं. परीक्षक दिव्यांकडे बघत होते असं मला वाटत राहिलं.

आता राजीखुशीच्या बाजूबद्दल, कारण माझ्या मुद्द्याला तीच सगळ्यात अडचणीची. २०१२ मध्ये परफ्यूमच्या जागतिक संकेतस्थळाबरोबर एक अजब गोष्ट झाली. तिघींच्या नाचाची शरीरहालचाल यंत्रांनी टिपून ती माहिती कुणालाही फुकट उतरवून घेता येईल अशी ठेवली गेली. घ्या आणि हवं ते करा. जगभरातल्या हौशी लोकांनी त्या हालचालींवर बाहुल्या नाचवल्या, रेघा नाचवल्या, ठिपके नाचवले. पुढे २०१३ मध्ये फ्रान्समधल्या कान येथे जाहिरात क्षेत्राच्या महोत्सवात परफ्यूमच्या कपड्यांवर चित्रं पाडून जो प्रयोग झाला, त्यात या सगळ्या उद्योगाची सावली होती. म्हणजे ज्या बाईंच्या हक्काबद्दल मी बोलतो आहे त्यांनीच आपला नाच रस्त्यावर मांडला होता. मग तक्रार कशाची?

तक्रार नाही. फरक दाखवायचा आहे. तिथे नाच दिला तेव्हा कुणाचा आहे हे सांगून दिला. नृत्य मिकिको यांचं, संगीत यासुताका नाकाता यांचं, तंत्र अमक्यांचं. नाव बरोबर गेल्याने नाच लहान झाला नाही, उलट हिरोशिमातल्या शिक्षिकेचं नाव अशा लोकांपर्यंत पोचलं ज्यांनी कधी जपानी गाणं ऐकलं नव्हतं. दान आणि चोरी यांच्यातला फरक वस्तूत नसतो, देणाऱ्याला विचारलं की नाही यात असतो.

त्याच २०१६ सालच्या ऑगस्टात रिओ ऑलिम्पिकचा समारोप होता. पुढचं यजमानपद टोकियोकडे. जपानला आठ मिनिटं मिळाली होती. पंतप्रधान शिंझो आबे व्हिडिओ गेममधल्या मारिओच्या वेशात हिरव्या नळीतून वर आले ते सगळ्यांना आठवतं. त्या आठ मिनिटांचं एकूण दिग्दर्शन आणि नृत्यरचना मिकिको यांची होती, संगीताची बाजू गायिका शीना रिंगो यांची. पाऊस पडत होता, मैदान ओलं होतं, आणि प्रकाशाच्या चौकटी घेऊन नाचणारी मंडळी त्या ओल्या जमिनीवर रेषा आखल्यासारखी हलत होती. पुढचं ऑलिम्पिक यांच्याच हाती जाणार, असं त्या रात्री बऱ्याच जणांना वाटलं असेल.

गेलंही. २०१७ च्या अखेरीस टोकियोच्या सोहळ्यांसाठी आठ जणांचा गट जाहीर झाला, त्यात मिकिको होत्या. पुढे उद्घाटन सोहळ्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मग कोविड आला, मार्च २०२० मध्ये ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं. मे महिन्यात मिकिको यांना कळलं की सूत्रं आता हिरोशी सासाकी यांच्याकडे आहेत. सासाकी हे ‘देन्त्सु’ या बलाढ्य जाहिरात कंपनीतून पुढे आलेले. नोव्हेंबरात मिकिको यांनी राजीनामा दिला. डिसेंबरात आयोजन समितीने जाहीर केलं की साथीमुळे सोहळा साधा करायचा आहे, म्हणून गट बरखास्त, सासाकी प्रमुख.

पुढचं लोकांना जास्त माहीत आहे, कारण त्यात वाद आहे. मार्च २०२१ मध्ये ‘शुकान बुनशुन’ या साप्ताहिकाने छापलं की सासाकी यांनी वर्षभरापूर्वी गटाच्या गप्पांमध्ये विनोदी अभिनेत्री नाओमी वातानाबे यांना डुकराच्या रूपात उतरवायची कल्पना मांडली होती. गटातल्या सहकाऱ्यांनी तेव्हाच हरकत घेतली होती. दुसऱ्याच दिवशी सासाकी पायउतार झाले. त्या आठवड्यांत मिकिको यांनीही एक शांत, तारखांनिशी लिहिलेलं निवेदन प्रसिद्ध केलं. आपण कधी काम करत होतो, कधी बाजूला झालो, एवढंच. शिव्याशाप नाहीत.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने डुक्कर दुय्यम आहे. बुनशुनने मिकिको यांच्या काळात तयार झालेला सोहळ्याचा आराखडाही उजेडात आणला, सुमारे २८० पानांचा. यावर आयोजन समितीने साप्ताहिकाला अंक मागे घ्यायला सांगितलं. कारणांपैकी एक कारण वाचून मी दोनदा तपासलं. स्वामित्वहक्काचा भंग! ज्या कलावतीला न विचारता बाजूला केलं, तिच्या काळातल्या कागदांवर समितीचा हक्क एकदम जागा झाला. हक्क होता, म्हणजे निर्मिती होती. निर्मिती होती, तर निर्मातीही असणार. ती मात्र कुणाच्या हिशेबात नव्हती. कचेरीला कागद कळतो. ज्या डोक्यातून तो कागद आला त्या डोक्याचा मान कसा ठेवायचा, हे तिला कळत नाही.

यात समितीची बाजूही असेल. साथ होती, पैसा आटला होता, मोठ्या कार्यक्रमात माणसं बदलतात. हे सगळं मान्य करूनही मला एक दिसतं. रिओच्या वेळी यश सगळ्यांचं झालं, आणि टोकियोच्या वेळी अपयश वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा बसवणारीचं नाव आधीच पुसलेलं होतं. नाव नसलं की काम दुसऱ्याच्या हाती देणं सोपं जातं. स्वामित्वहक्काबद्दल बोलताना आपण नेहमी पैशाबद्दल बोलतो, पण नावाचा खरा उपयोग हा आहे.

कायदा काय म्हणतो? जपानचा १९७० चा कायदा नृत्याला स्पष्टपणे कलाकृती मानतो. न्यायालयांनी मात्र हात राखून निकाल दिले. फ्रेंच नृत्यरचनाकार मोरीस बेजार यांच्या बॅलेला टोकियोच्या न्यायालयाने १९९८ मध्ये संरक्षण दिलं. २०१२ मध्ये जोडीनृत्यावरच्या एका गाजलेल्या चित्रपटातल्या नाचांबद्दल खटला आला, तेव्हा न्यायालय म्हणालं की ही ठरीव पावलांची जुळणी आहे, त्यात नवं पुरेसं नाही. २०१८ मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने हवाईच्या हुला नृत्यातल्या एका गुरूची रचना संरक्षित मानली. हुलामध्ये हात गाण्याचे शब्द सांगतात, आणि कुठल्या शब्दाला कुठली मुद्रा यात त्या गुरूचं स्वतःचं काहीतरी होतं. तीन निकाल एकत्र वाचले की एक समंजस रेघ दिसते. पाऊल कुणाचं नाही. पावलांतून कुणी वाक्य केलं असेल तर ते वाक्य त्याचं. अमेरिकेतही २०२३ मध्ये एका अपील न्यायालयाने काइल हानागामी या नृत्यरचनाकाराचा ‘फोर्टनाइट’ या व्हिडिओ गेमच्या कंपनीविरुद्धचा खटला पुन्हा जिवंत केला, तो याच तर्कावर. नाच म्हणजे सुट्या हालचालींची रास नाही, असं.

आपला १९५७ चा कायदा नृत्यरचनेला नाट्यकृतीच्या व्याख्येत बसवतो, पण अट घालतो की ती लेखी किंवा अन्य रीतीने पक्की झालेली असावी, आणि चित्रपट त्या व्याख्येबाहेर ठेवतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क दिला. नाच बसवणाऱ्याचा उल्लेख त्या तरतुदीत नाही. मात्र याच कायद्याचं कलम ५७ म्हणतं की हक्क विकले तरी आपण कर्ते आहोत हे सांगायचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. म्हणजे नावाची सोय आहे. नाचाला त्या दारातून आत घ्यायचं तेवढं बाकी आहे.

इथे कुणीतरी हमखास म्हणेल, अहो, नाच हा लोकांचा असतो. गणपतीच्या मिरवणुकीत कोण कुणाला विचारतो? बरोबर आहे, आणि मला ती मिरवणूक प्रिय आहे. पण मिरवणुकीचाच दाखला घेऊ. हात किंचित वर, खांदे हलके, पाय जमिनीवरून फारसे न उचलता ठेक्यावर सरकायचे, ही चाल महाराष्ट्रातल्या प्रत्येक विसर्जनात दिसते. ती भगवानदादांची. अमिताभ बच्चन यांनीही आपल्या नाचातलं त्यांचं ऋण मान्य केलेलं आहे. भगवानदादांनी १९५१ मध्ये ‘अलबेला’ने यश पाहिलं, जुहूला बंगला आणि दाराशी गाड्यांची रांग पाहिली, आणि २००२ मध्ये दादरच्या चाळीत डोळे मिटले. त्यांचं दारिद्र्य पावलांच्या हक्कामुळे आलं असं मी म्हणत नाही. चित्रपट बुडाले, म्हणून आलं. त्या पावलांवर त्यांना रॉयल्टी मिळायला हवी होती असंही म्हणत नाही. तो नाच लोकांचा झाला हे त्यांचं भाग्यच. पण त्यांच्या पावलांवर दरवर्षी दहा दिवस नाचणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे? पाऊल लोकांचं होऊ दे. नाव का लोकांचं होत नाही?

म्हणून मला जपानी न्यायालयांपेक्षा जपानी श्रेयनामावली जास्त कामाची वाटते. कायदा हे जड हत्यार आहे. त्याने हुलाच्या गुरूचं भलं होतं तसंच एखादी धनाढ्य कंपनी उद्या एका गिरकीवर मालकी सांगेल. पावलापावलाला परवाने झाले तर पहिला बळी मिरवणुकीचाच. त्यापेक्षा करारात नाव, फितीखाली नाव, पत्रिकेवर नाव, आणि काम मधेच दुसऱ्याकडे गेलं तर मूळ बसवणाऱ्याला कळवायची लेखी अट. एवढं केलं तरी टोकियोसारखी गोष्ट मुकाट्याने होणार नाही.

माझ्या उदाहरणातही एक भेग आहे, ती झाकून चालणार नाही. मी इथे मिकिको यांचं नाव दहा-बारा वेळा घेतलं. त्या आभासी चष्म्याच्या प्रयोगात प्रेक्षकाच्या खांद्यावर खरोखर हात ठेवणारी नर्तकी कोण, तिचं नाव या लेखात नाही. संघाचं नाव झालं की संघातली माणसं त्यात विरघळतात. २०१८ मध्ये कॅनडात पहिल्यांदा झालेल्या ‘डिस्क्रीट फिगर्स’ या प्रयोगात हे फार नेमकं दिसलं. इलेव्हनप्लेच्या नर्तकींनी उत्स्फूर्त नाचून दाखवलं, यंत्रांनी ते टिपलं, आणि त्यावर शिकवलेल्या संगणकाने स्वतःचा नाच रचला. प्रेक्षकांच्याही हालचाली बाहेर टिपून आत पडद्यावर नाचवल्या गेल्या. तिथे सगळं संमतीने होतं, सहकारी कोण ते जाहीर होतं. आज मात्र जगभरच्या फितींतून यंत्रं नाच शिकताहेत आणि तिथे कुणी कुणाला विचारत नाही. एका बाईचा खांदा आणि दुसरीचं मनगट मिसळून जो नाच येईल तो बसवला कुणी? २०१२ मध्ये हालचालींची ती माहिती उतरवून घेणाऱ्यांना निदान कुणाची उतरवतो आहोत हे ठाऊक होतं.

मिकिको आणि इलेव्हनप्ले थांबल्या नाहीत. २०२३ मध्ये टोकियोच्या तोरानोमोन भागात उघडलेल्या ‘टोकियो नोड’ या नव्या दालनाची सुरुवात त्यांच्या आणि रायझोमॅटिक्सच्या ‘सिन’ या प्रयोगाने झाली. राष्ट्राचा सोहळा गेला, घर राहिलं.

आमच्या सोसायटीत गणपतीचा कार्यक्रम असतो. शेवटच्या दिवशी फळ्यावर आभार लिहितात. मंडप, ध्वनी, प्रसाद, वर्गणीदार, सगळ्यांचे. लहान मुलांचा नाच दरवर्षी तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी बसवते. कॉलेजातून आल्यावर तीन आठवडे रोज गच्चीवर तालीम. गेल्या वर्षी मी सेक्रेटरींना म्हटलं, तिचं नाव घाला. ते म्हणाले, “काका, तिने शिकवलंच फक्त, नाचली तर पोरं. असं बघायला गेलं तर ढोलवाल्याचंही लिहावं लागेल.”

“मग लिहा की,” मी म्हटलं. त्यांनी खडू माझ्याच हातात दिला.